पॅनलच्या गळ्यात हार

‘शिक्षकांना डिजिटल साधने हाताळण्याच्या अधिक सरावाची गरज आहे.’ एवढं भेटीच्या वहीत ठसठशीत लिहून, खाली सही ठोकून, अर्धा चहा तसाच सोडून शाळा बघायला आलेले शिक्षण खात्याचे साहेब विट्याकडे रवाना झाले. गेला आठवडाभर हे वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. वर्गात ज्यांनी गोंधळ घातला, त्यांचं नाव वहीत कुठंच नाही.

आमच्या गावातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यापायी खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पांगलेली आहेत. त्यातल्याच एकानं शाळेला 65 इंची टच पॅनल दिलं. उद्घाटन आणि साहेबांची भेट एकाच दिवशी आली. सातवीचा वर्ग, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. जिओजेब्रावर त्रिकोण काढून ठेवला होता. (हे सॉफ्टवेअर 2001 सालापासून आहे, फुकट आहे आणि गणितासाठी त्यासारखं दुसरं मला तरी सापडलेलं नाही.) टोक धरून ओढलं की त्रिकोण बदलतो, तिन्ही कोनांची मापं बदलतात, बेरीज जागची हलत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग देणगीदाराचे वडील, म्हणजे आबा, हार घेऊन आले. झेंडू-शेवंतीचा, चांगला गुडघ्यापर्यंत येईल असा. नारळ फुटला, कुंकू लागलं आणि हार पॅनलच्या दोन्ही कोपऱ्यांना अडकवला गेला. त्यासरशी अंगात आल्यासारखं पॅनल घुमायला लागलं. त्रिकोणाचं एक टोक खिडकीकडे पळालं, आवाज आपोआप वाढला, कॅलक्युलेटर उघडला, पाठोपाठ कुठलीशी सेटिंग.

कारण साधं आहे. या पॅनलच्या काचेला बोट कळत नाही. चौकटीच्या एका कडेला अवरक्त किरणांचे बारीक दिवे असतात, समोरच्या कडेला ते टिपणारे डोळे. मध्ये काही आडवं आलं, किरण तुटला, की पॅनल समजतं, इथं बोट टेकलं. आमच्या पॅनलवर त्या वेळी अख्खा हार बोटं टेकवत होता.

“आबा, हार जरा बाजूला काढू का?”

“का? टोचतोय व्हय त्याला?”

“तसं नाही. हाराला ते बोट समजतंय.”

आबा उठले, चष्मा वर सारून पॅनलजवळ गेले, नीट निरखून आले. “एवढं महागाचं यंत्र, आन् झेंडू कुठला, बोट कुठलं त्येला कळंना?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

“धाकटा कोइमतूरहून निघालाय. कराडात आलाय आता. फोटू होईस्तवर हार हलायचा न्हाई.”

“पण आबा, साहेब बसलेत. पाठ सुरू करायचाय.”

“मग साहेबास्नी म्हणावं, बसा जरा वाढूळ. आमचं पोरगं रातभर बसून यायलंय.”

साहेब मोबाइलमध्ये होते. नारळाचा फोटो कुठल्या तरी ग्रुपवर चढत नव्हता. आमच्याकडे रेंज मिळते ती गच्चीवर.

शेवटी आबांनीच तोड काढली. खुर्ची ओढून पॅनलशेजारी बसले आणि हार हातांनी पुढं ओढून धरला. “हां, चालू द्या तुमचं.” त्रिकोण गप्प झाला. मी टोक ओढलं, मापं बदलली, बेरीज 180. दुसरं टोक धरतोय तोवर आबांचा हात भरून आला, हार परत काचेवर, त्रिकोण सुसाट. पोरं बाकं बडवायला लागली. “सर, आबांचा त्रिकोण! आबांचा त्रिकोण!” आबा हार सावरत मागं वळले.

“आता किती आली बेरीज?”

“180.”

“मग झालं की! हार असून बी तेवढीच आली न्हवं?”

राग याचाच येतो. प्रमेय इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. साहेबांनी नेमकी तेव्हाच मान वर केली आणि त्यांना दिसलं काय, तर पॅनलवर उधळलेला त्रिकोण आणि पुढं घामेघूम झालेला मी.

जाताना त्यांनी आणखी एक विचारलं, “पॅनल असताना फळ्यावर खडूनं कशाला लिहिलंय?”

अहो साहेब, पोरं आधी वहीत त्रिकोण काढतात, कोनमापकानं मोजतात. कुणाची बेरीज 178 येते, कुणाची 183. ती फळ्यावर मांडायची, चूक हाताची की त्रिकोणाची यावर भांडू द्यायचं. कागदाचे तीन कोपरे फाडून शेजारी जोडायचे, सरळ रेष होते ते डोळ्यांनी बघायचं. मग पॅनल. आधीच पॅनल लावलं तर पोरं नुसती बघत बसतात, घरी टीव्हीपुढं बसतात तशीच. हे मी बोललो नाही. ते गाडीत बसले होते.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, 2017 पासून मोबाइलवर धडे दाखवणारा सरकारी ऑनलाइन मंच, दीक्षा, आहे. आहे की सगळं. पण घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर सकाळी द्राक्षबागेत जातो, त्याचं काय करायचं ते कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. तिथं सांगतात फोटो कसा काढायचा. शिक्षक, पॅनल आणि विद्यार्थी तिघं एका चौकटीत हवेत, पॅनल चालू दिसलं पाहिजे. पोरांना काय समजलं, ते फोटोत येत नाही.

परवा तोच पाठ पुन्हा घेतला, बिनहाराचा. एका मुलीनं वरचं टोक ओढत ओढत पार खालच्या रेषेवर आणून टेकवलं. “सर, त्रिकोण तर गेला. मग 180 कुठं गेलं?” मी पॅनल बंद केलं, खडू घेतला आणि घंटा होईस्तोवर आम्ही त्यावरच होतो. एक कोन 180, बाकीचे दोन शून्य, हे पोरांनीच काढलं. आता याला त्रिकोण म्हणायचं की नाही, यावरनं दोन तट पडलेत, डबा खातानाही भांडतात.

संध्याकाळी लिंक भरली. ‘पॅनल वापर (मिनिटे)’ या रकान्यात खरं काय ते लिहिलं, दहा. सकाळी ग्रुपवर निरोप: कमी वापर असलेल्या शाळांनी लेखी खुलासा सादर करावा, सोबत फोटो जोडावा.

फोटोत नेमकं काय दाखवायचं, ते आबांना विचारावं म्हणतोय.