‘साठीनंतर डोक्यात नवं काही शिरत नाही’ म्हणणाऱ्यांना

‘आता या वयात वर्गात बसून काय दिवे लावणार?’ अशा मथळ्याचा एक मेसेज गेले काही महिने ज्येष्ठांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साठीनंतर मेंदूत नवं काही शिरत नाही, दहा तासिकांत कुणी काही शिकत नसतं, ते नुसतं वेळ घालवणं असतं, हौस असलीच तर यूट्यूबवर सगळं फुकट आहे, जुन्या लिप्या नि इतिहास यांचा उपयोग शून्य, त्यापेक्षा ऑनलाइन बँकिंग शिका, आणि हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे या वयात नामस्मरण करतात.

मी मोडी लिपीचा, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहीत तिचा, छोटा वर्ग घेते. दहा शनिवार, दर वेळी दीड तास. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. त्यातल्याच एका काकांनी हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाई, हे खरं आहे का हो?’ ते पुढच्या शनिवारी आले नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

मेंदूपासून सुरुवात करू, कारण भीती तिथेच आहे. वयाबरोबर वेग कमी होतो, हे खरं आहे. नवं अक्षर लक्षात राहायला पंचविशीच्या मुलापेक्षा सत्तरीच्या माणसाला जास्त वेळा गिरवावं लागतं. पण वेग म्हणजे अख्खी बुद्धी नव्हे. अमेरिकेत वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटलमध्ये त्याच त्या माणसांची वर्षानुवर्षं चाचणी घ्यायला सुरुवात केली. त्यात दिसलं की झटपट पाहून ओळखण्याचा वेग लवकर उतरतो, पण शब्दांची समज पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. पुढे १९८६ साली शाय आणि शेरी विलिस यांनी ६४ ते ९५ वयाच्या २२९ जणांना फक्त पाच तासिकांचं प्रशिक्षण दिलं, कुणाला तर्काचं, कुणाला आकृत्या मनात फिरवून ओळखण्याचं. निम्म्याहून अधिक लोक सुधारले. ज्यांची घसरण झालेली होती, त्यांतले सुमारे ४० टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. ती मोडी नव्हती, इतिहासही नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. पण ‘शिरतच नाही’ हे विधान तेवढ्यानेही टिकत नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूनेही सांगते. वर्गाला गेल्याने विस्मरणाचा आजार टळतो, अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. मी तसं वचन कुणाला देत नाही.

आता मोडीचंच सांगते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतो. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. त्यामुळे अक्षर ओळखलं तरी शब्द लागतोच असं नाही. गेल्या वर्षी एम.ए. करणारा एक मुलगा वर्गात होता, अक्षरओळख सगळ्यांत पक्की. एका कागदावर तो अडला. त-गा-ई, तिन्ही अक्षरं बरोबर वाचली आणि म्हणाला, ‘माझं काहीतरी चुकतंय, असा शब्द नाहीये.’ मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, ‘तगाई! आमच्या वडिलांनी बैलजोडीसाठी उचलली होती, फेडता फेडता नाकी नऊ आले.’ तगाई म्हणजे शेतकऱ्याला मिळणारं सरकारी कर्ज. पुढच्या चार ओळी मग भराभर लागल्या. काकांचा वेग त्या मुलाच्या निम्मासुद्धा नव्हता. पण आणेवारी, बलुतं, पायली, मण हे सगळं त्यांच्या जगण्यातलंच होतं. मानव्यविद्येच्या, म्हणजे भाषा-इतिहासाच्या, वर्गात वय हीच पात्रता ठरते, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावं.

दहा तासिकांत काय होतं? दहा तासिकांत कुणी मोडीतज्ज्ञ होत नाही. शिवकालीन कागद, पेशवेकालीन कागद, इंग्रजी अमदानीतला कागद, प्रत्येकाचं वळण निराळं आणि ते हाताखालून जायला वर्षं लागतात. पण दार उघडायला दहा शनिवार पुरतात. पाचव्या शनिवारी मी फळ्यावर लिहिते: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. सुरुवातीला सगळे गप्प. मग सांगते की पेशवाईतल्या कागदांवर साल असं आकड्यांच्या अरबी शब्दांत लिहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. ते शुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली वर्षगणना, जूनमधल्या मृग नक्षत्रापासून सुरू होणारी. त्यात ५९९ मिळवा. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू माझ्याआधी म्हणतात, ‘सतराशे साठ.’ म्हणजे जून १७६० पासूनचं वर्ष. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पानिपत.’ १४ जानेवारी १७६१ त्याच सालात येते. ही माणसं पानिपत शाळेपासून ऐकत आलेली असतात. त्या सालाचा कागद आपण स्वतः ओळखू शकतो, हे त्या दिवशी कळतं. तासिका मोजणाऱ्याला हे कुठल्या रकान्यात भरायचं ते भरू दे.

यूट्यूबबद्दल माझी तक्रार नाही. बाराखडीचे चांगले व्हिडिओ आहेत, मीच पाठवते. पण व्हिडिओला तुमची वही दिसत नाही. तुमचा ‘द’ कुठे बिघडतोय हे तो सांगत नाही, आणि मागच्या बाकावरचे तगाईवाले काका त्यात नसतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मी पहिल्या बाकावर बसवते. एवढं साधं कामसुद्धा पडद्याला जमत नाही.

राहिला उपयोगाचा मुद्दा. ऑनलाइन बँकिंग जरूर शिका, फसवणुकीच्या काळात ते शिकायलाच हवं. पण एक शिकलं म्हणजे दुसरं सोडायचं, हा हिशेब कुणी घातला? आणि मोडीला उपयोग शून्य म्हणणाऱ्यांनी २०२३ साल आठवावं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा जुनी दप्तरं उघडली गेली आणि त्यांतल्या कितीतरी नोंदी मोडीत निघाल्या. गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या लिपीत विसाव्या शतकापर्यंत कारभाराचे कागद लिहिले गेले, ती वाचणारी माणसं आज शोधावी लागतात.

पण उपयोगावर मी फार भर देणार नाही, कारण लोक त्यासाठी येत नाहीत. एक काकू आल्या, वय बहात्तर. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला घड्यांवर फाटलेला कागद. माहेरच्या ट्रंकेत सापडलेलं गहाणखत. नवव्या शनिवारी त्यांनी ते स्वतः वाचायला घेतलं. अकरा ओळींना चाळीस मिनिटं लागली. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी साक्षीदारांखाली एका बाईचं नाव होतं आणि त्याच्या शेजारी शाईचं एक वेडंवाकडं वर्तुळ. काकू म्हणाल्या, ‘इथे डाग पडलाय.’ मी म्हटलं, ‘डाग नाही, शेजारचे शब्द लावा.’ त्यांनी लावले: निशाणी बांगडीची. लिहिता न येणारी माणसं सहीच्या जागी खूण काढत, कुणबी नांगराची, बाई बांगडीची. ती त्यांची पणजी होती. काकूंनी त्या वर्तुळावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

पाश्चात्त्यांच्या खुळाबद्दल थोडंच. ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ हे नाव १९७३ साली फ्रान्समधल्या तूलूझमध्ये पुढे आलं, हे बरोबर आहे. पण चातुर्मासात चार महिने देवळात ग्रंथ लावायचा, रोज ठरावीक ओव्या वाचून त्यांचा अर्थ सांगायचा, ही रीत आपण कुणाकडून घेतली? पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. आपल्याकडे म्हातारी माणसं ऐकत आणि शिकत आलेली आहेत. नामस्मरणही करत आलेली आहेत, त्याच जोडीने.

मेसेज पाठवणाऱ्या त्या काकांना मी फोन केला. त्यांनी वही उचलून ठेवली होती, ती पुन्हा काढणार आहेत. काकूंच्या गहाणखतातले दोन शब्द अजून लागलेले नाहीत. एकात मला ‘निसबत’, म्हणजे ‘संबंधित’, असावं असं वाटतं, तगाईवाले काका नाही म्हणतात. येत्या शनिवारी पुन्हा भिंग घेऊन बसणार आहोत.