पिऊन भलं कसं करून घ्यावं

दारूनं आजवर कुणाचं भलं झालंय का, असा विषय परवा सोलापुरात होटगी रोडवरच्या एका लग्नात पंगतीत निघाला. काढला माझ्या आत्यानं. उत्तर द्यायला नवरदेवाकडचे एक काका समोरच बसले होते. डोळे तांबडे, तोंडात वेलदोडा. म्हणाले, "झालंय की वहिनी! पिल्यावर माणूस खरं बोलतो." चौघे हसले, वाढप्यानं आमटी वाढली आणि विषय तिथंच मिटला. मला मात्र राहवेना. एवढी गुणाची वस्तू, पण तिचे फायदे लोकांना नीट समजावून सांगणारं कुणी नाही. म्हणून हे थोडं मार्गदर्शन. नवशिक्यांनी कापून ठेवावं, मुरलेल्यांनी कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

सुरुवात कारणापासून करायची. विनाकारण पितो तो बेवडा, कारण काढून पितो तो रसिक. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापुरात चार दिवस गारठा पडतो, तेव्हा म्हणायचं, "अंगात ऊब येते." मे महिन्यात पारा ४३ वर गेला की म्हणायचं, "चिल्ड बिअर मारली, जीव थंड झाला." एकच वस्तू दोन्ही कामं करते, घरात कूलर नको की शेगडी नको. डॉक्टर लोक इथं नाक खुपसतात. म्हणे दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून नुसतं गरम वाटतं, खरं तर आतली ऊब बाहेर निघून जाते. आणि उन्हात बिअर प्याली की लघवी वाढते, माणूस उलट जास्त सुकतो. असल्या डॉक्टरांकडे जाऊच नये. लिव्हर सुजल्यावर गाठ पडणारच आहे, तेव्हा निवांत बोलता येईल.

कायद्याला भिऊ नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि प्यायला परवाना लागतो, हे बारमध्ये बसलेल्या कुणालाही विचारून बघा. हसून हसून ठसका लागेल त्याला. विदेशीचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, जन्मभराचा हजाराचा. बिअरला वय २१ पूर्ण लागतं, बाकीच्याला २५. नवरदेवाच्या मित्रमंडळात पंचविशीचा एक जरी निघाला तरी मी त्याला हार घालीन.

ड्राय डे असेल तर साठा आदल्या रात्री करावा. हे सांगायची गरज नव्हती.

गाडी चालवायची असेल तर "दोनच मारलेत" हा मंत्र म्हणावा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिव्हर तासाला साधारण एक छोटा पेग निस्तरतं. त्याला लिंबूपाण्यानं, ताकानं, गार पाण्याच्या अंघोळीनं घाई करता येत नाही. पण तुमच्या मित्राकडे कसलं तरी चूर्ण असतंच.

देशसेवा म्हणूनही प्यावं. ४ मे २०२० ला लॉकडाऊनमध्ये दुकानं उघडली तेव्हा राज्याच्या तिजोरीसाठी लोकांनी उन्हात रांगा लावल्या होत्या, आठवतंय ना? जून २०२५ मध्ये सरकारनं विदेशी दारूवरचा कर उत्पादनखर्चाच्या तिप्पट होता तो साडेचारपट केला. म्हणजे तुमची देशभक्ती घोटागणिक दीडपट झाली. पोराची फी थकली तर थकू दे, तिजोरी थकता कामा नये.

खिशाला विदेशी परवडत नसेल तर हातभट्टी आहे. गूळ, नवसागर आणि देवावर भरवसा, एवढंच लागतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. मिथेनॉल पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा म्हणून डॉक्टर इथेनॉलही देतात, म्हणजे साधी दारूच. दारूचा हा एक खराखुरा उपयोग, लिहून घ्या. आपल्याकडे सोलापूरजवळ मुळेगाव तांड्यावर २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन राबवलं. गाळणाऱ्या बऱ्याच जणांनी भट्ट्या सोडून दुसरा कामधंदा धरला. गाळणारा सुधारला. पिणाऱ्याचं परिवर्तन कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं, ते अजून ठरायचंय.

आता लग्न. दारूचं खरं सौंदर्य लग्नात खुलतं, म्हणून इथं जरा सविस्तर.

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर मित्रांनी सकाळी साडेनऊलाच बसावं. पाण्याच्या बाटलीत भरून आणावं, म्हणजे कुणाला कळत नाही. (सगळ्यांना कळतं. पाणी पिवळं नसतं.) नवरदेव मारुतीच्या पाया पडून निघाला की डीजेच्या गाडीपुढं उभं राहावं आणि गाडी हलू द्यायची नाही. "एकच गाणं बे, लास्ट!" असं म्हणून आठ गाणी लावावीत. एकानं रस्त्यावर उताणं पडून रुमाल दातात धरावा, दुसऱ्यानं पुंगी वाजवावी. मागं अडकलेल्या एसटीनं हॉर्न दिला तर तो आपल्या कौतुकाचा समजावा. रिक्षात कुणी पेशंट असेल तर त्यालाही दोन स्टेप करायला लावाव्यात. फेटा सुटून पायात आला की त्याच्यावरच नाचावं, फेट्याचं भाडं नवरीचा बाप भरणार आहे.

तिकडं कार्यालयात काय चाललंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तिथं माणसं मुठीत अक्षता धरून बसलेली असतात. परवा आम्ही इतका वेळ बसलो की घामानं अक्षतांचा रंग सुटून तळहात लाल झाले. भटजींनी मंगलाष्टकांची वही दोनदा उघडली, दोनदा मिटली. आत्याला शुगर आहे. जेवण वेळेवर मिळेल या हिशेबानं तिनं इन्सुलिन टोचून घेतलेलं. पावणेदोनला तिच्या हाताला कंप सुटला, कपाळ ओलंगार. शेजारच्या बाईनं पर्समधून चॉकलेट काढून दिलं म्हणून निभावलं. आणि बाहेर आठवं गाणं चालू.

शेवटी नवरीचे वडील स्वतः गेटवर गेले. साठीचा माणूस, आयुष्य मागावर गेलेलं, एका कानानं कमी ऐकू येतं. नवीन कडक टोपी, कपाळावर गंध, आणि त्या उन्हात त्या लेकरांपुढं हात जोडून उभा. "चला की मालक, मुहूर्त टळला." त्यातल्या एका टोळभैरवानं त्यांच्याच खांद्यावर हात टाकला आणि त्यांना नाचवायला लागला. माणूस नाचला हो! दोन्ही हात वर करून दोन पावलं नाचला. लेकीच्या लग्नात वाकडं नको म्हणून. ते बघून व्याही काय म्हणाले असतील? "पिल्यात पोरं. जाऊ द्या."

जाऊ द्या. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. चोरी करणाऱ्याला "भूक लागली होती, जाऊ द्या" कुणी म्हणत नाही. त्याला खांबाला बांधतात. परीक्षेत नापास झालेल्या पोराला "झोप झाली नव्हती, जाऊ द्या" म्हणत नाहीत. प्यायलेल्याला मात्र गल्लीपासून मांडवापर्यंत सगळं माफ. कायदा म्हणाल तर १८६० च्या दंडविधानापासून आजच्या न्याय संहितेपर्यंत एकच सांगतो, की आपल्या मर्जीनं प्यायलास तर "शुद्ध नव्हती" ही सबब चालणार नाही. इंग्रज गेले, दंडविधान गेलं, हा नियम राहिला. आपल्याच डोक्यात तेवढा शिरला नाही.

"कधीतरीच घेतो" हे वाक्य पाठ असू द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगून टाकलंय की सुरक्षित असा एक थेंबही नाही. कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारू १९८८ पासून बसलीय, तंबाखूच्या पंगतीला. पण तुमचा चुलत आजा नव्वद वर्षं पिऊन जगला होता ना? विषय संपला.

मी मनापासून शोधलं बरं का. दारूवरून सोलापुरात काहीतरी चांगलं घडलेलं सापडतंय का बघू म्हटलं. सापडलं. ८ मे १९३० ला गावातली माणसं रूपाभवानीच्या देवळाजवळची, जिच्या रसाची दारू होते ती शिंदीची झाडं तोडायला निघाली. पोलीस आले, धरपकड झाली, गोळीबार झाला. शंकर शिवदारे गेले. पुढं मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. दारूच्या झाडावर कुऱ्हाड घालायला निघालेलं हे गाव. आज आपण या चौघांच्या पुतळ्यांपाशी गाडी हळू करून हात जोडतो आणि पुढच्या चौकात क्वार्टर घेतो.

त्या लग्नात शेवटी हात धुवायच्या नळापाशी एक जण ओकला. फेटेवाल्यांपैकीच. मित्रांनी त्याला खुर्चीवर नेऊन बसवलं, सोडा पाजला, वारा घातला. पुसायला कोण? कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशी. त्यांनी आधी माती टाकली, खराट्यानं ओढली, मग फिनाईल ओतलं. पदर नाकाला. मी म्हटलं, "मावशी, त्यालाच पुसायला लावा." मान वर न करता म्हणाल्या, "घरी बी हेच, हितं बी हेच."

आता चेष्टा पुरे. तुम्ही पिता तेव्हा पुसत दुसरंच कुणीतरी असतं. सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन बघा. बाई मांडीवर सूप घेऊन पहाटेपासून तेंदूची पानं कातरते, हजार विड्यांचा हिशेब धरते, कारखान्यात वाकडी विडी निघाली की तेवढी बाद होते. आणि त्या पैशातली नोट डाळीच्या डब्यात लपवावी लागते, ती चोरापासून नाही, नवऱ्यापासून. दुकान बंद करायचं म्हटलं तर बायांनीच आधी पाव भाग मतदारांचा अर्ज भरायचा, मग मतदान, मग यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांची मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंदला, पडली पाहिजेत. ज्या दिवशी मतदान त्या दिवशी जी मजुरीला गेली, तिचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्या कामाला आलं. दुकान उघडताना मात्र असं मतदान कुणी घेत नाही.

पिल्यावर माणूस खरं बोलतो म्हणे! कुणी कधी पिऊन म्हणालंय का, की बायकोची पाटली मी विकली? पोराची फी मी उडवली? त्या म्हाताऱ्याला मी भर रस्त्यात नाचवलं? सकाळी उठून म्हणतात, "काल काय झालं आठवत नाही." तुम्हाला आठवत नाही, पण त्या बापाला मरेपर्यंत आठवणार आहे. तुम्ही लेकाचे त्याच्याकडे माफी मागायला गेलात? एक जण तरी गेलात? फोन तरी केलात?

आणि तुम्ही, "जाऊ द्या" म्हणणारे शहाणे, तुम्ही तर न पिता यात सामील आहात. काठावर उभं राहून मोबाईलवर शूटिंग केलंत, हसलात, स्टेटसला टाकलंत. पुढच्या लग्नात एवढं करा, फेट्यांच्या यादीत खराटेही मांडा, आणि कुणी ओकला की पहिला खराटा तुम्ही उचला.