सोन्याच्या रोमन नाण्यांवरचा चेहरा: एका फिरत्या मजकुराला उत्तर

रोमन नाण्यांबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की सोन्याच्या नाण्यावर सम्राटाचा हुबेहूब चेहरा असे, त्यामुळे तो घराघरांत पोहोचला. आणि भारतात आलेल्या नाण्यांवर आपल्या लोकांनी परक्या राजाच्या द्वेषापोटी चिरा मारल्या.

आधी ‘हुबेहूब’चं बघू. इ.स.पू. २ पासून लुग्दुनमच्या (आजचं फ्रान्समधलं ल्याँ) टांकसाळीत पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचे ऑरियस, म्हणजे सोन्याची नाणी, पडत होते. तेव्हा तो साठीत होता, पण नाण्यावर एक सुरकुती नाही. मागच्या बाजूला त्याचे नातू गायस आणि ल्युशियस ढाली-भाल्यांसह उभे आहेत, म्हणजे वारस कोण तेही जाहीर. उलट नंतरचा सम्राट व्हेस्पेशियन नाण्यावर टकला, सुरकुतलेला आणि जाड मानेचा दिसतो. नीरोनंतरच्या यादवीतून सत्तेवर आलेल्या या सेनापतीला तसंच दिसणं सोयीचं होतं. कसं दिसायचं, हे दोघांच्याही बाबतीत ठरवलेलं होतं.

घराघरांत? एका ऑरियसचे २५ दिनारियस, म्हणजे चांदीची नाणी, होत. सम्राट डोमिशियनने पगार वाढवेपर्यंत सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत, म्हणजे वर्षभराच्या चाकरीचे ९ ऑरियस. सामान्य माणसाला सम्राट दिसला तो तांब्या-पितळेच्या नाण्यांवर.

द्वेषाचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो आपल्या पूर्वजांबद्दल आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ ऑरियसचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीची चीर आहे, हे खरं. पण नाणं चलनातून बाद केल्याची ती खूण असावी, असं अभ्यासकांचं एक जुनं आणि पटण्याजोगं मत आहे. शिवाय दक्षिणेत सापडलेली कितीतरी रोमन सोन्याची नाणी दागिना म्हणून वापरलेली आहेत. त्यांना भोकं पाडलीत ती बहुधा डोक्याच्या वर, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा. आपल्या महाराष्ट्रातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला तर रोमन नाण्यांसारखी मातीची पदकं मिळाली आहेत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं, त्यांनी तोच चेहरा मातीत उठवून अंगावर मिरवला. द्वेष असता तर हे कशाला केलं असतं?