मालकाचं उत्तर: आठ दिवस कसे झाले ते

नमस्कार सर,

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री जेवताना पुतण्याने दाखवला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या प्रेसच्या कॉम्प्युटरमध्ये मी जुनं आणि नवं अशी दोन विंडोज करून दिली, त्यातलं जुनं सकाळी उघडलं की डिस्क तपासत बसतं, ही तक्रार खरी आहे आणि ती चूक माझी आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

पण तुम्ही लिहिलंय, "दोन दिवस सांगून आठ दिवस लावले, ऐन लग्नसराईत माझी प्रेस बंद पाडली. माझा नातू म्हणतो हे अर्ध्या तासाचं काम." बाकीचं मी गिळलं असतं. हे आठ दिवस गिळवत नाहीत. काल एक मुलगी लॅपटॉप घेऊन दारात आली आणि हातातल्या मोबाईलवर बघत विचारते, "काका, तुमच्याकडे आठ दिवस लागतात का ओ?" मी उत्तर देईपर्यंत ती पायरी उतरली होती. बेळगावच्या शहापुरात अकरा वर्षं दुकान चालवतोय. गल्लीत आता आणखी दोन दुकानं झालीत. म्हणून तारीखवार सांगतो, तुम्हाला राग आला तरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला तुम्ही खानापूरहून आलात, स्कूटरवर पुढे पोत्यात गुंडाळलेला सीपीयू. आत आय-५, चौथी जनरेशन, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क, विंडोज ७, त्यात पेजमेकर आणि तुमचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. तुम्हाला जुनं सगळं जसंच्या तसं हवं होतं, कारण वीस वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. आणि नवंही हवं होतं, कारण बँकेचं पान उघडत नव्हतं. ते उघडणार नव्हतंच. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही. मी म्हटलं, दोन दिवस. म्हटलं हे खरं आहे, नाकारत नाही. "कामाचे" हा शब्द मी बोललो होतो असं मला आठवतं, तुम्हाला आठवत नाही. असू दे.

त्या दिवशी तुम्ही सॉफ्टवेअरचं लॉक प्रेसमध्येच विसरून आलात. ते मागे लावल्याशिवाय तुमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, म्हणजे मला तपासताही येत नव्हतं. "आणून देतो" म्हणालात.

शुक्रवारी सकाळी पहिलं काम केलं ते जुन्या डिस्कची नक्कल काढण्याचं. त्या डिस्कवर खराब जागा निघाल्या. चांगल्या डिस्कला दोन-तीन तास पुरतात, तुमची रात्रभर चालली. दर थोड्या वेळाने टक-टक आवाज, आकडा एकसष्ट टक्क्यांवर थांबलेला. मी दुकानातच खुर्चीत झोपलो, कारण मध्ये लाईट गेली असती तर सगळं पहिल्यापासून. नातवाला हे मोबाईलवर दिसणार नाही. अर्ध्या तासात ज्याने हे केलं असतं त्याने नक्कल न काढता केलं असतं, आणि तुमच्या वीस वर्षांच्या पत्रिका त्याच्या भरवशावर राहिल्या असत्या.

शनिवारी १ नोव्हेंबर. राज्योत्सव म्हणा नाहीतर काळा दिन म्हणा, माझे ग्राहक दोन्हीकडचे आहेत, शटर खाली. हे बेळगावात राहणाऱ्याला सांगायला लागतं का? रविवारी सुट्टी असताना मी अर्धा दिवस येऊन बसलो. सोमवारी संध्याकाळी तुम्हाला फोन केला, काम झालंय म्हणून. शुक्रवार आणि सोमवार धरा, दोन दिवसच होतात.

हे काम कसं केलं होतं तेही सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथून आहे. नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, एसएसडीवर विंडोज ११ बसवलं आणि मग जुनी परत जोडली. दोन डिस्क, दोन विंडोज, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक बिघडलं तर दुसरं जिवंत राहतं. चालू करताना एफ१२ दाबायचं आणि कुठली डिस्क हवी ते निवडायचं. माझ्या मते हीच पद्धत बरोबर, आजही कोणी विचारलं तर हीच सांगेन.

मंगळवारी तुम्ही लॉक घेऊन आलात. खुर्चीवर बसून पाच वेळा चालू-बंद केलंत. म्हणालात, "मी बटण शोधेपर्यंत ते निघून जातंय, पोरगं दाबेल, मला जमणार नाही. नावं येऊ देत, मी निवडतो." तुमचं म्हणणं पटलं. पण तुमचं विंडोज ७ बत्तीस-बिटचं, बायॉस या मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीने बसवलेलं, आणि मी नवं यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेलं. विंडोजच्या एका मेन्यूत ही दोन्ही येत नाहीत. बत्तीस-बिटचं ७ नव्या पद्धतीने सुरूच होत नाही, म्हणजे नव्यालाच मागे आणायचं. एसएसडी पुसायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे तुमच्यासमोर सांगितलं, आणखी एक दिवस लागेल हेही. तुम्ही म्हणालात, "लागू दे." त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

बुधवारी ते झालं. मेन्यू आला, पण विंडोज ११ चा तो निळा मेन्यू आधी अर्धं विंडोज ११ उघडतो आणि तुम्ही जुनं निवडलंत की मशीन परत पहिल्यापासून चालू होतं. तुम्हाला वाटलं असतं बिघडलंय. म्हणून एक कमांड देऊन साधा काळा मेन्यू आणला. तो तुम्हाला "व्हायरससारखा" दिसतो असं लिहिलंय. काका, काळ्यावर पांढरी अक्षरं, पूर्वीच्या कॉम्प्युटरवर सगळं असंच होतं की! इंग्रजी अक्षरांत "जुना" आणि "नवा" अशी नावं घातली, तीस सेकंदांची वाट दहावर आणली. रात्री नऊला फोन केला, तयार आहे. गुरुवारी तुम्हाला नंदगडला कार्यक्रम होता. शुक्रवारी ७ तारखेला नेलात. तो एक दिवससुद्धा माझ्या आठात धरलाय.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कोपऱ्यात येणारा तो इंग्रजी शेरा, सिस्टीमच्या अटी पूर्ण होत नाहीत असा, तो मी टाकलेला नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमच्याकडे दोन्ही नाही. चालेल, पण कंपनी हमी देत नाही, मोठी व्हर्जनं आपोआप येतीलच असं नाही, हे पावतीच्या मागे माझ्या हाताने लिहून दिलंय. तुमचा दुसरा सीपीयू, कोअर टू ड्युओचा, मी बघितल्याबरोबर परत केला, कारण २४एच२ या व्हर्जनपासून तो प्रोसेसर विंडोज ११ घेतच नाही. पैसेच उकळायचे असते तर तोही ठेवून घेतला असता.

जुन्या विंडोजमधलं इंटरनेट मुद्दाम बंद केलंय. १४ जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेचे अपडेट नाहीत. नेट नव्यात, छपाई जुन्यात, एवढी शिस्त पाळली तर दोन्ही टिकतील.

आणि "नव्या विंडोजमध्ये पत्रिकेतली सगळी अक्षरं इंग्रजी झाली": झाली नाहीत, ती आतून तशीच होती. जुन्या फॉन्टमध्ये कागदावर दिसतं मराठी, फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, वरून फॉन्टचा सदरा. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही म्हणून सदरा उतरला. कन्नड प्रेसवालेसुद्धा नुडी या कन्नड फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली घेऊन हीच बोंब मारत येतात. तुमची एकही पत्रिका खराब झालेली नाही. जुन्यात उघडून बघा.

२,८०० रुपयांत एसएसडी धरलेली आहे, पावती बघा. "फुकटच्या विंडोजचे पैसे" मी घेतलेले नाहीत.

आता माझी चूक. विंडोज ११ बंद करताना पूर्ण बंद होत नाही, पटकन उघडता यावं म्हणून अर्धं झोपतं, आणि डिस्क अर्धवट धरून ठेवतं. मग तुम्ही जुनं उघडलंत की त्याला वाटतं डिस्कचं काहीतरी बिनसलंय, आणि ते तपासत बसतं. फास्ट स्टार्टअप नावाची ही सोय पहिल्या वेळी मी बंद केली होती. बुधवारी पुन्हा बसवल्यावर घाईत राहून गेली. राहायला नको होती. मी दुरुस्त करून देईपर्यंत एवढं करा: नव्यातून जुन्यात जायचं असेल तर शटडाऊन देऊ नका, रीस्टार्ट द्या. रीस्टार्टमध्ये ते अर्धं झोपत नाही.

इथून पुढे दुकानात काही गोष्टी बदलायचं ठरवलंय. दिवस तोंडी न सांगता लिहून देणार, आणि देण्याआधी तपासायची एक यादी करणार. पुतण्या करतोय ती.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. त्या आठाच्या आकड्याचं तेवढं बघा. ह्या दुकानावर दोन घरं चालतात.

रविवार सोडून कधीही या, पंधरा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. विंडोज ११ चं पुढचं मोठं व्हर्जनही एकदा मी हाताने घालून देईन, त्याला मात्र अर्धा दिवस धरून या. स्कूटरवर पोत्याखाली जरा फोम घाला, मागच्या वेळी बाजूचं झाकण दबलेलं होतं. आणि काका, लॉक तेवढं आठवणीने घेऊन या.