उघडलंच आहे तर

जुनी जीप घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी सुचतात : एकतीस इंची टायर, पुढे विंचसकट लोखंडी बंपर आणि कपाळावर एलईडीची पट्टी. या तिन्हींचा गाडी सुरू होण्याशी काही संबंध नाही, थांबण्याशी तर मुळीच नाही. पण स्वप्नात जीप नेहमी समोरून दिसते. खालून ती कुणाच्या स्वप्नात येत नाही, आणि महिंद्रा एमएम ५४० सारख्या गाडीचा सगळा संसार खालीच मांडलेला असतो.

ही गाडी म्हणजे विलीज जीपची भारतात वाढलेली नात. हाडं आजीची आणि इंजिन प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं : एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. आजकालच्या साध्या हॅचबॅक यापेक्षा जास्त घोडे जुंपून कोथिंबीर आणायला जातात. तरीही पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की खालच्या मजल्यावरचे काका हात मागे बांधून येतात, इंजिनाकडे आदराने बघतात आणि विचारतात, "किती देते?" दहा-अकरा म्हणावं. गाडी चार ठोकळ्यांवर, टाकी बाहेर आणि गिअरबॉक्स गोणपाटावर असला तरी दहा-अकराच म्हणावं. खरं उत्तर दिलं तर काका खुर्ची घेऊन येतात.

जुन्या जीपच्या दुरुस्तीचं काम घरी करायचं ठरलंच असेल तर माझं पहिलं सांगणं : पाने घेण्याआधी एक चुंबक घ्या. फ्रिजवर चिकटवायचा चालेल, चिकटपट्टीत गुंडाळून. विकणारा "पत्रा ओरिजिनल आहे" म्हणत असताना तो बॉडीवरून फिरवत न्यायचा. जिथे सुटून पडेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे भरायची पुटी) आहे. लांबी एखाद-दोन मिलिमीटर असणं हा डेंटिंगचा भाग झाला. पण मडगार्डच्या मागे बोटभर लांबी निघते, आणि ती खरवडली की आत आधीच्या मालकाने कोंबलेलं वर्तमानपत्र मिळतं. तारीख बघून ठेवावी, गाडीचा इतिहास कळतो.

मग चॅसिस. मोठा स्क्रूड्रायव्हर आणि छोटा हातोडा घेऊन खाली झोपायचं आणि टकटक करत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर टोचायचा. आत गेला तर भाव कमी करायचा किंवा सरळ घरी निघायचं. कमानींचे (पाट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसतात तो भाग, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर आणि फ्लोअरखालच्या पन्हाळ्या, गंज इथेच आधी धरतो. कारण साधं आहे : तिथे चिखल अडकतो आणि पावसाळा संपून दिवाळी आली तरी आतून ओलाच राहतो. बॅटरीखालचा पत्रा ॲसिड खातं, तो गेलेलाच समजावा.

तोडलेल्या पत्र्याच्या जागी १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा पुरतो, फ्लोअरला जाडसर १६ घ्यावा. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपऱ्यातून पुढे तडा जातो. वेल्डिंग एका दमात ओढत न्यायचं नाही. इथे एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, मग गार होईपर्यंत चहा. घाई केली की पत्रा उष्णतेने असा पिळवटतो की सरळ करायला पुन्हा लांबीच भरावी लागते. आणि वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि आल्टरनेटरची जोडणी सोडायची. हे वेल्डरला सांगितलं की तो दुखावतो. दुखावू द्यावा, आल्टरनेटरचे डायोड त्याच्या भावनांपेक्षा महाग आहेत.

आता मूळ रोगाकडे येतो. या छंदातलं सगळ्यात खर्चिक वाक्य "उघडलंच आहे तर..." असं सुरू होतं. ते मालक म्हणत नाही, फिटरचाचा म्हणतात, तेही सहज, विडी पेटवता पेटवता. क्लच घसरतोय एवढीच तक्रार असते. पण क्लचप्लेटपर्यंत जायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि या घराण्यात ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली, त्यामुळे दोन्ही एकदम छातीवर येतात. खाली ट्रॉलीजॅक हवा. "मी धरतो" म्हणणारा मित्र नको. सगळं उतरलं की चाचा म्हणतात, "साहेब, उघडलंच आहे तर रिलीज बेअरिंग टाकून घ्या." बरोबर आहे. "क्रँकचं मागचं सील पण." तेही बरोबर. "माउंटिंग मऊ पडलीत." पडलीच आहेत. "मग पायलट बुश कशाला ठेवता?" वाईट गोष्ट ही की चाचांचं एकही वाक्य चुकीचं नसतं. किरकोळ सीलसाठी तेच ओझं पुन्हा उतरवण्यापेक्षा आत्ताच टाकणं शहाणपणाचं. अशा शहाणपणानेच माणूस भिकेला लागतो.

तो पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक पेलणारी छोटी नळी, काढण्याची रीत मात्र प्रत्येकाने एकदा बघावी. क्रँकच्या टोकाला आंधळ्या भोकात तो बसलेला असतो, मागून ठोकायला जागा नाही. भोकात ओल्या पावाचा लगदा ठासून भरायचा, बुशच्या भोकात नेमका बसेल असा गज घालायचा आणि हातोडा मारायचा. पाव दबून बुशच्या मागे शिरतो आणि त्याला बाहेर ढकलतो. ग्रीसनेही हेच होतं, पण ते तोंडावर उडतं. कालचा पाव चांगला, ताजा वाया घालवू नये. घरात मात्र पाव कशाला हवाय ते सांगू नये.

गंजलेल्या नटांचं वेगळं शास्त्र आहे. बाजारातला स्प्रे चांगलाच, पण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं हे घरगुती मिश्रणही छान काम करतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून टाकायचं आणि जवळ विडी नको, चाचांचीसुद्धा. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी हातोडीने नटाच्या अंगावर टिचक्या मारायच्या, मग पाना. तरी हलत नसेल तर ताकद लावण्याआधी दिशा तपासा. विलीजच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत आणि स्टडच्या (नट बसतो त्या दांड्याच्या) टोकावर इंग्रजी एल कोरलेला असे. पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर उड्या मारणारे लोक पुष्कळदा नट खोलत नसतात, भक्कम आवळत असतात. स्टड तुटला की मग एल दिसतो.

कमानी उतरवल्या असतील तर यू-बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आणि तो कधी सोडेल हे घाटातच कळतं.

ब्रेकच्या बाबतीत माझा विनोदबुद्धीवर विश्वास नाही, तरी काम विनोदीच होतं. चारही चाकांना ड्रम, प्रत्येकात व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी कप वाळलेले. किट बदलल्यावर हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून : आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. याला दोन माणसं लागतात. एक खाली हवा सोडायच्या निपलपाशी, दुसरं वर पेडलवर, आणि वरचं माणूस घरातलं असतं.

"दाब."
"दाबलं."
"धर."
"किती वेळ?"
"मी सांगेपर्यंत."
"कुकर लावलाय मी."
"सोडू नकोस!"
"सोडलं."

निपल उघडा असताना पेडल सुटला की आलेली हवा आत जाते आणि त्या चाकाचं काम पहिल्यापासून. म्हणून क्रम पाठ असावा : दाबणं, धरणं, निपल उघडणं, निपल बंद करणं आणि मगच सोडणं. वरची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर चारही चाकं पहिल्यापासून. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. आणि त्याच्या जागी चुकूनही इंजिन ऑइल नको, रबरी कप फुगतात आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

वायरिंगबद्दल थोडक्यात. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात आणि डॅशबोर्डवरचा काटा नमस्कार करतो, हा भुताटकीचा प्रकार नाही, अर्थिंग गेलंय. करंटला परतीचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून घरी जातो. इंजिन ते चॅसिस जाड पट्टी नवी टाका, बॉडी ते चॅसिस दुसरी टाका, बसायच्या जागेचा रंग खरवडून काढा. निम्मी भुतं तिथेच उतरतात. हेडलाइट मंद आहेत म्हणून लोक मोठे बल्ब घालतात आणि स्विच जाळतात. दोष तारेचा असतो. दिव्यापर्यंत बारा व्होल्टऐवजी साडेदहाच पोचले तर हॅलोजनचा उजेड साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा : त्याच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरी, ८७ ला दिवा, ८६ ला स्विचची जुनी तार, ८५ ला अर्थिंग. साठ वॉटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि पंधराचा फ्यूज बास.

इतकं झालं, इंजिन फिरलं, पण पेट घेत नाही. डिझेलमध्ये हवा. फिल्टरवरचा हातपंप मारत फिल्टरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की बंद. मग तेच पंपाच्या स्क्रूला. मग इंजेक्टरचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. धागा-धागा डिझेल आलं की नट आवळा. थंडीत ग्लो प्लग तापायला वेळ द्या, सेल्फवर राग काढू नका.

आता टायर. एवढं वाचूनही एकतीस इंची हवेतच, मला माहीत आहे. २३५/७५ आर १५ च्या टायरची उंची ७३३ मिलिमीटर, एकतीस इंचीची ७८७. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ वर असेल, आणि चढाला ओढ साधारण सात टक्क्यांनी कमी. मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो, म्हणून गाडी उचलायची. लांब शॅकल (कमानीला चॅसिसशी जोडणारे झुलते दुवे) टाकले तर दोन इंच लांबीत गाडी एकच इंच उठते, पण पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, बदलतो. कॅस्टर बदलला की ताशी पन्नासला खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की कोपरापर्यंत हात सुन्न. मग लोक स्टिअरिंग डँपर लावतात. डँपर रोग झाकतो. किंगपिनची बेअरिंग, टाय रॉडची टोकं, कमानीचे बुश, कॅस्टरची पाचर आणि टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) या क्रमाने बघा. टो-इन घरीच मोजता येतो : चाक उचलून फिरवत टायरवर खडूची रेघ ओढायची, गाडी खाली टेकवायची आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. पुढचं दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. तिकडे मागचा प्रोपेलर शाफ्टही तिरका होऊन आपल्या सांध्याचा क्रॉस खायला लागलेला असतो, त्याची पाळी पुढच्या महिन्यात.

फोर व्हील लागतंय का ते बघायला डांबरी रस्त्यावर चकरा मारू नका. या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापू बघतात आणि सगळा पीळ शाफ्टात साठतो. मग लिव्हर निघत नाही. चार पावलं रिव्हर्स घ्या, निघेल. चाचणीला नांगरलेलं शेत उत्तम, आपलं असल्यास.

रंगाचं ठरवताना प्रत्येकाला मिलिटरी हिरवा हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरता राखून ठेवतो. दुसरा कुठलाही घ्या, पण आरसी बुकात बदलून घ्या. मागचा हौद कापून पिकअप करायचा बेत असेल, दुसरं इंजिन बसवायचं असेल, तर कापण्याआधी आरटीओत विचारा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ नमुन्यापासून फारकत चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. तो लोखंडी बंपरही २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या काळ्या यादीत आहे. "गाडी जुनी, व्हिंटेज आहे" हा युक्तिवाद खिडकीवर करू नये. त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात आणि मोठे बदल केलेले चालत नाहीत.

पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे टायर कुणी बघत नाही. साहेब हॉर्न वाजवून बघतात, दिवे, वायपर, ब्रेक, आणि मग चॅसिस नंबर. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटले पाहिजेत. पेंटरने प्रेमाने प्रायमरचे दोन आणि रंगाचे तीन हात तिथेही दिलेले असतात, त्यामुळे कागदावर नुसता करडा चौकोन उमटतो. म्हणून रंगाआधी त्या जागेवर मास्किंग टेप लावा. नसेल लावली तर कागदपत्रांबरोबर २२० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं थिनर आणि फडकं न्या. रांगेतल्या पुढच्या-मागच्या जीपवाल्यांनाही लागतं.