जीभ घसरो दुसऱ्याची, चूल पेटो आपली

सनद हातात पडली की नाशिकचा तरुण वकील आधी जमिनीकडे बघतो. सातबारा, वाटणी, बांधावरची भांडणे. ते नाही जमले तर चेक न वटल्याची १३८, तेही नाही तर मोटार अपघाताचे दावे. बघू द्या त्याला. जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात तुम्ही नुसते ‘अहो वकीलसाहेब’ म्हणा, चहाचा ग्लास हातात धरलेली पंधरा डोकी वळतात आणि त्यांतली चौदा जमिनीवाली असतात. एवढ्या गर्दीत तुमचे काय होणार? म्हणून वडीलकीच्या नात्याने सांगतो, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे वकील व्हा. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर काहीतरी लिहून बसलेल्यांना सोडवा.

धंदा म्हणून बघा. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाला अवकाळी पावसाची भीती, कांद्याला निर्यातबंदीची. टोमॅटोचे तर बोलूच नका, ते रस्त्यावरच ओतले जातात. भावना मात्र बारमाही पीक आहे. खत लागत नाही, पाणी लागत नाही, दर पंधरा दिवसांनी एक तोडा निघतो. गणपती, जयंत्या, निवडणुका हा भर हंगाम. आता तर सिंहस्थ तोंडावर आहे. रस्त्यांवरून, घाटावरून, तपोवनातल्या झाडांवरून लोक एकमेकांना जे लिहिताहेत ते वाचून मी दिवाळीतच एक कपाट नवीन घेतले, फायलींसाठी.

शिवाय या धंद्याला गावात परंपरा आहे. १९०९ च्या जूनमध्ये गणेश दामोदर सावरकरांना, म्हणजे बाबारावांना, कवितांची एक छोटी पुस्तिका छापल्याबद्दल जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. बॉम्ब नाही, पिस्तूल नाही, कविता. पुढे सहाच महिन्यांत कलेक्टर जॅक्सन विजयानंद नाट्यगृहात नाटक बघायला गेले आणि अनंत कान्हेऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. कवितेचा खटला मात्र कोणाला आठवत नाही. वकिलांना तरी आठवायला हवा.

आणि या क्षेत्रात बढतीही मिळते. बॅरिस्टर दावर यांचे उदाहरण घ्या. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा दावरांनी टिळकांच्या बाजूने उभे राहून जामीन मिळवून दिला. ११ वर्षांनी टिळकांवर पुन्हा तेच कलम, पुन्हा लेखांवरूनच. जामिनासाठी या वेळी उभे राहिले बॅरिस्टर जिना. दावर कुठे होते? न्यायासनावर. त्यांनी जामीनही नाकारला आणि सहा वर्षे मंडालेही दिले. तेव्हा तरुण मित्रांनो, अशिलाचे काम मन लावून करा. आपण पुढे कोणत्या बाजूला बसू ते सांगता येत नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर फार नाही. राज्यघटनेचे कलम १९(१)(अ), म्हणजे बोलण्या-लिहिण्याचा हक्क, सगळेच पाठ करतात, ते भाषणापुरते असते. तुम्ही १९(२) पाठ करा, कारण पोटापाण्याचे सगळे त्या ‘वाजवी निर्बंधां’त आहे. मग भारतीय न्याय संहितेतले १९६, २९९, ३५३ आणि ३५६, म्हणजे अनुक्रमे गटांत तेढ, धार्मिक भावना, अफवा आणि अब्रुनुकसानी. जुन्या माणसांना हे आकडे अनोळखी वाटतील. ते तुमचे जुने १५३ अ, २९५ अ, ५०५ आणि ५०० आहेत, १ जुलै २०२४ पासून नवीन कपडे घालून आलेत. हवालदारसाहेब अजून जुनेच आकडे बोलतात आणि नवीन लिहितात, तेव्हा दोन्ही येऊ द्या.

मेलेली कलमेसुद्धा विसरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ आठवते ना? ऑनलाइन काही लिहून कोणाला त्रास झाला, गैरसोय झाली, तरी तीन वर्षे. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींनी त्याचा अनुभव घेतला. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई का बंद, असे एकीने फेसबुकवर विचारले आणि दुसरीने त्याला लाइक केले. अटक दोघींना. लाइक करणारीलासुद्धा! पुढे श्रेया सिंघल या विशीतल्या मुलीने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि २४ मार्च २०१५ ला हे कलम घटनाबाह्य ठरले. संपले? छे. २०२१ मध्ये पीयूसीएल या संघटनेने त्याच न्यायालयाला सांगितले की या मेलेल्या कलमाखालच्या ७४५ केसेस ११ राज्यांत अजून चालू आहेत. ऐकायला कोण बसले होते? ज्यांनी २०१५ चा निकाल लिहिला तेच न्यायमूर्ती नरिमन. त्यांना धक्का बसला म्हणतात. कोणत्याही पोलीस ठाण्यात एक दुपार काढली असती तर बसला नसता. आपल्याकडे माणूस गेला की तेराव्याला मोकळा होतो, कलमाला सहा-सात वर्षे पिंडाला कावळा शिवत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला अशील रात्री साडेअकराला फोन करतो, म्हणजे त्याचा मेहुणा करतो. तुम्ही ठाण्यात पोहोचता तेव्हा बाहेर चाळीस-पन्नास भावना दुखावलेले तरुण उभे असतात आणि त्यांतले निम्मे मोबाईलवर शूटिंग करत असतात. दुखावलेल्या माणसाला इतके प्रसन्न मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. आत अशील बाकावर. त्याला स्वातंत्र्याबद्दल काही विचारू नका. त्याचा मोबाईल मुद्देमाल म्हणून जप्त झालेला असतो आणि त्याचे सगळे दुःख त्या मोबाईलचे असते. ‘साहेब, त्यात पोराच्या बारशाचे फोटो आहेत. साहेब, त्यात गूगल पे आहे. साहेब, बायकोने बघायच्या आत मिळेल ना?’ या तिसऱ्या वाक्यावरून तुम्हाला केसची खरी खोली कळते.

मग खिशातून अर्नेशकुमार निकाल काढायचा. २०१४ चा आहे, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या असे सांगणारा. झेरॉक्स चांगली काढा, कारण तपासी अंमलदार ती हातात घेतात, दोन्ही बाजूंनी बघतात, आदराने टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘वकीलसाहेब, सगळं बरोबर आहे, पण वरून प्रेशर आहे.’ वरून म्हणजे किती वरून, हे विचारायचे नसते. बाहेर उभ्या चाळीस जणांकडे बघून घ्यायचे. माझ्या त्या झेरॉक्सवर आजवर चार ठाण्यांत चहा ठेवला गेला आहे. पोलीस वाईट नसतात हो, बाहेर चाळीस माणसे असतात आणि आत सहा.

अटक टळली तरी चॅप्टर केस होते, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची कारवाई. शहरात आयुक्तालय असल्याने तिथे दंडाधिकारी म्हणून सहायक पोलीस आयुक्तच बसतात. म्हणजे पोलिसाने आणायचे, पोलिसाने ऐकायचे आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड पोलिसानेच लिहून घ्यायचा. एका छताखाली सगळे, बाहेरच्याला तसदी नको. सणाच्या आधी ग्रुप ॲडमिनना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ च्या, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद देणाऱ्या, नोटिसा निघतात, त्याही तुमच्याकडेच येतात. सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, असे आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगून ठेवले आहे. ही गोष्ट ॲडमिनला सांगू नका. घाबरलेला ॲडमिन वेळेवर फी देतो.

फीवरून आठवले. जमिनीचा अशील फी देताना कुरकुर करतो, पण देतो, कारण त्याला जमीन मिळणार असते. तुमचा अशील म्हणतो, ‘साहेब, तत्त्वाची केस आहे.’ तत्त्वाच्या केसला फी मागणे वाईट दिसते असा गावाचा समज आहे. त्यावर तोडगा नाही, मी तीस वर्षे शोधतोय. घरीही थोडे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मला स्थळ सांगून आले तेव्हा सासऱ्यांनी विचारले होते, मुलगा कोणाच्या केसेस घेतो? आई म्हणाली, ‘लोकं वाटेल ते बोलतात, हा त्यांना सोडवून आणतो.’ सासरे बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

क्वॅशिंगसाठी, म्हणजे गुन्हाच रद्द करून घ्यायला, हायकोर्टात जायचे म्हणजे पहाटे उठून नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस. कसाऱ्यापर्यंत मुद्दे काढायचे, कल्याणपर्यंत झोपायचे, फोर्टात पोहोचल्यावर कळते की बोर्डावर आपला नंबर सत्त्याऐंशी आणि साहेब तेराव्यावर उठले. संध्याकाळी त्याच गाडीने परत. चिकाटी हवी. बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत पत्रिकेत १९९४ मध्ये गांधीजींवरची एक मराठी कविता छापून आली होती, वसंत दत्तात्रेय गुर्जरांची. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाली काढले, आणि काय काढले, तर माफी मागितलेले प्रकाशक सुटले, कवीने आता खटल्याला सामोरे जावे. २१ वर्षे! एका कवितेवर वकिलांचा एक अख्खा संसार उभा राहतो, मुले शिकतात. खंडकाव्याचे तर मी स्वप्नच बघतो.

अलीकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाने धंद्यावर थोडा पाय दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचा गुन्हा, जो हायकोर्टाने ठेवला होता, तो मार्च २०२४ मध्ये रद्द केला. वर्षभराने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हाही रद्द. दोन्ही वेळा खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक. शब्दांचा परिणाम खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजा, प्रत्येक टीकेत धोका बघणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नको, असे ते म्हणाले, आणि आधार घेतला तो आपल्या नागपूरच्या १९४६ च्या निकालाचा. आता मला सांगा, खंबीर माणूस कशाला तक्रार द्यायला येईल? शिवाय अशा गुन्ह्यांत आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करावी, म्हणजे पोलिसांनी कविता वाचावी, अर्थ समजून घ्यावा. आमच्या मराठीच्या सरांनी दहावीची कविता एका तासात उरकली होती, ‘आशय स्पष्ट आहे’ म्हणून. ठाणे अंमलदाराला १४ दिवस मिळतात. नशीब एकेकाचे.

सरकार कोणाचे आहे याची काळजी करू नका, तेवढे हे क्षेत्र निःपक्षपाती आहे. मे २०२२ मध्ये दिंडोरीत एका फार्मसीच्या विद्यार्थ्यावर ट्विटसाठी गुन्हा नोंदला गेला. ट्विट कोणाला आवडावे असे नव्हते, मलाही आवडले नाही. पण त्यात नाव कोणाचेच नव्हते. नाव वाचणाऱ्यांनी भरून घेतले. ठिकठिकाणी मिळून सहा गुन्हे आणि पोरगा महिन्याहून जास्त काळ आत, हायकोर्टाने सोडेपर्यंत. तेव्हा जे त्याच्या अटकेवर लोकशाही मेली म्हणत होते आणि जे कायदा आपले काम करतोय म्हणत होते, त्यांनी पुढे सरकार बदलल्यावर आपापली वाक्ये बदलून घेतली. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवत जा. दोन्ही गटांचे.

थोडे नाव झाले की भाषणांची आमंत्रणे येतात. गाव सुसंस्कृत आहे, कुसुमाग्रजांचे आहे. २०२१ च्या डिसेंबरात इथे, आडगावला, मराठी साहित्य संमेलन भरले आणि तिथे संपादक गिरीश कुबेर यांच्यावर शाई फेकली गेली. शाईचा उपयोग लिहिण्यापलीकडेही आहे, हे साहित्याच्या मांडवातच सिद्ध झाले. मलाही नंतर एका ठिकाणी बोलावले होते. विषय ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य : आज आणि उद्या’. आयोजक आदल्या दिवशी घरी आले, नारळ दिला आणि म्हणाले, ‘मोकळेपणाने बोला. फक्त राजकारण, धर्म, जात, इतिहास आणि महापालिका एवढं टाळा.’ मी ४० मिनिटे इंग्लंडमधल्या छापखान्यांवर बोललो. टाळ्या पडल्या.

सगळ्यात मोठा फायदा सांगायचा राहिला. तुमचे गिऱ्हाईक तुम्हाला सोडून जात नाही, फक्त बाजू बदलून येते. चार वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाविरुद्ध पंचवटीतल्या एका दुकानदाराने तक्रार दिली होती. व्यंगचित्र फॉरवर्ड केल्याची. कोर्टात माझ्याकडे असा बघायचा की मीच ते काढले आहे. परवा संध्याकाळी तो दारात. हातात पेढ्याचा पुडा, चेहरा पडलेला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्यावरून चेअरमनबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर चेअरमनने अब्रुनुकसानीची नोटीस धाडली आणि ठाण्यातही अर्ज टाकला.

‘काय लिहिलंत?’ मी विचारले.

‘खरं तेच लिहिलं हो. या देशात माणसानं बोलायचं तरी कुठं?’

त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, जुने काही काढले नाही. वकीलपत्र पुढे केले. त्याने सही केली, तारीख घातली, पेन माझ्या खिशाला परत लावले आणि मग खुर्ची थोडी पुढे ओढून हळूच विचारले, ‘साहेब, त्याच ग्रुपवर चेअरमनच्या भाच्यानं मला उलट बोलून ठेवलंय. त्याच्यावर काही टाकता येईल का? कलम जरा कडक बघा.’

स्क्रीनशॉट आणलाय का, म्हटले. दोन प्रतींत आणला होता.