मुळं आली का ओ?

"पांढरी बुरशी धरली होती. मी नखानं खरवडून टाकली," असं काल सकाळी अण्णांनी मला गच्चीवर सांगितलं आणि आता हा माणूस आभार मानेल म्हणून वाट बघत उभे राहिले.

ती बुरशी नव्हती. मोरपंखीच्या काडीला मूळ फुटायच्या आधी बुडाशी, कापलेल्या तोंडावर, एक पांढरट खडबडीत गाठ धरते. तिला कॅलस म्हणतात. जखम भरत आली, आता मुळांची आशा धरायला हरकत नाही, एवढं सांगणारी ती एकमेव खूण. जास्वंदीची काडी कशीही खोचा, थोड्याच आठवड्यांत पालवते. सूचिपर्णी झाडांचा कारभार मात्र भाऊबंदकीच्या दाव्यासारखा. दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, नुसती तारीख पे तारीख. वर काडी लुसलुशीत दिसते आणि खाली तिचा केव्हाच निकाल लागलेला असतो.

पावसाळ्यात साताऱ्यात हवेतली ओल फुकट मिळते, म्हणून काड्यांपासून मोरपंखी वाढवायचा हा उद्योग काढला. फांदीला जुन्या लाकडाची साल थोडी लागून येईल अशी ती खाली ओढून काढायची, चार ते सहा इंचांची. खालची पानं काढायची, मुळं फुटायची पावडर लावायची आणि रेती-कोकोपीटमध्ये खोचायची. वरून अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटल्या पालथ्या घालायच्या आणि सावलीत ठेवून विसरून जायचं.

मी विसरलो. अण्णा विसरले नाहीत.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सरकारी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर देखरेख केली, ती सवय पेन्शनीत निघाली नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरून आले की गच्चीवर साइट व्हिजिट. एकेक बाटली उचलायची, काडी दोन बोटांत धरून उपसायची, चष्मा कपाळावर सरकवून बूड डोळ्याजवळ न्यायचं, "छ्या" म्हणायचं आणि काडी पुन्हा खुपसायची. ही तपासणी रोज चालायची, हे मला काल कळलं.

"अण्णा, रोज उपटल्यावर मुळं येतील कशी?"

"मग आली का न्हाईत ते कळणार कसं?"

याला उत्तर काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

"आणि बाटल्या कशाला काढल्या?"

"जीव गुदमरत असंल की ओ. आतनं घाम आलेला बगा."

तो घाम म्हणजेच बाष्प. मुळं नसलेली काडी फारसं पाणी ओढू शकत नाही, ती त्याच बाष्पावर तग धरते. हे मी शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात तरी शांतपणे केली.

"एवढा कुटाणा कशाला?" अण्णा म्हणाले. "त्या ख्रिसमस ट्रीची खालची एक फांदी लावा. बगता बगता माडी गाठंल."

ख्रिसमस ट्री म्हणजे आपल्याकडं बंगल्याच्या कंपाउंडला चिकटून लावतात ती अरौकेरिया. कॅप्टन कुकनं १७७४ मध्ये नॉरफोक बेटावर तिची भावंडं पाहिली आणि जहाजाच्या डोलकाठ्या होतील म्हणून खूश झाला. आपण तीच हौसेनं कुंडीत आणतो, मग जमिनीत लावतो आणि ती विजेच्या तारांना टेकली की नगरपालिकेच्या नावानं खडे फोडतो. (सुरूलाही लोक ख्रिसमस ट्री म्हणतात. पाचगणीच्या सिल्व्हर ओकला पाइन म्हणून त्याच्यासमोर फोटो काढतात. दोन्ही फुलणारी झाडं, सूचिपर्णी नव्हेत. पण सांगायचं कुणाला?)

"अण्णा, तिची बाजूची फांदी लावली तर ती आयुष्यभर आडवीच वाढते. सरळ झाड हवं तर शेंडाच लागतो."

"मग तोडा की शेंडा! कुणाचं झाडाय?"

"तुमच्या लेकाच्या बंगल्यातलं. आपल्या पेठेत तेवढं एकच आहे."

अण्णांनी चष्मा खाली घेतला. "त्याला हात लावायचा न्हाई."

म्हणजे आपल्या झाडाला हात लावायचा नाही, एवढं त्यांना नीट कळतं. राग याचाच येतो. गच्ची सामाईक आहे, त्यामुळं कुरडया, सांडगे, कुणाच्या तरी नातवाचा जुना पाळणा, सगळं तिथं सुखानं नांदतं. त्याला कुणी बोट लावत नाही. माझ्या ट्रेमध्ये मात्र येणारा-जाणारा सल्ला, चहाचा चोथा आणि एकदा तर पानाची पिंकसुद्धा टाकून गेला. विचारलं तर उत्तर तयार: "काड्याच तर हायत!"

लहानपणी याच मोरपंखीला आम्ही 'विद्या' म्हणायचो आणि डहाळी वहीत ठेवायचो. गणितात तिचा उपयोग झाला नाही, पण वहीतली विद्या रोज उपसून बघायला कुणी येत नव्हतं.

खरवडलेल्या काड्या मी टाकून दिल्या. संध्याकाळी नव्या लावल्या आणि ट्रे न्हाणीघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत, आतल्या बाजूला ठेवला. आज सकाळी बेल वाजली.

"गच्चीवर ट्रे दिसंना?"

"मेल्या सगळ्या, अण्णा."

"मला वाटलंच हुतं. तुम्ही पाणी लई घालता." दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. "पुढच्या टायमाला दोन माझ्या धरा. वास्तूला मोरपंखी जोडीनं लागती. मुळं आलेलीच द्या, मी बघूनच घेणार."